निबिरू नव्हे, गुरू!

रविवारच्या पुरवणीतील ‘लपलेल्या ग्रहा’वरचा लेख वाचला. निबिरू नावाचा ग्रह खरोखर आहे, असे त्यात म्हटले आहे. दर ३,६०० वर्षांनी सूर्याजवळ येणारा निबिरू प्राचीन मेसोपोटेमियातील (आजचा इराक) सुमेरी लोकांना ठाऊक होता, हा दावा लेखक झेकरिया सिचिन यांनी १९७६ मध्ये केला. तिथल्या लेख कोरलेल्या मातीच्या पाट्यांत असा ग्रह नाही. ‘मुल-अपिन’ या बाबिलोनी खगोलसंहितेत निबिरू म्हणजे मर्दुक या बाबिलोनी देवाचा तारा, चक्क आपला गुरू! सिचिन यांच्या दाव्याचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केली जाणारी प्राचीन मुद्रा (शिक्का) बर्लिनच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर एका चांदणीभोवती ११ ठिपके दिसतात. ही सूर्यमाला असेल, तर बाजूच्या कीलाक्षरांत (खिळ्यांसारख्या खुणांच्या प्राचीन लिपीत) तसा काही उल्लेख हवा. तिथे आहेत ती फक्त माणसांची नावे. अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलेला नववा ग्रह नेपच्यूनपलीकडच्या पिंडांच्या कक्षांवरून अनुमानलेला आहे. लेखकाने तोही निबिरूच्या खात्यात जमा करायला नको होता.

– एक वाचक, पुणे