डेम्लो आणि हातचा एक

नाशिक रोड

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. पाणी आणि लोकल, डोंबिवलीचं रडगाणं तेच! त्यावर माझ्याकडे उतारा नाही, पण तुमच्या गावाशी नातं सांगणारी एक संख्या आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. भास्कराचार्यांच्या अंकस्थानांच्या यादीप्रमाणे एकं, दहं करत गेलास तर 'मध्य'पर्यंत पोचतोस. परार्ध एकच घर पुढे.

आमच्या देवळालीला १९३० ते १९६२ शाळामास्तर असलेले दत्तात्रेय कापरेकर या जातीला डेम्लो संख्या म्हणत. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनाचं जुनं नाव, कल्पना तिथेच सुचली, असं सांगतात. म्हणजे तुमच्या स्टेशनावर ताटकळणं एकदा तरी कारणी लागलंय.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग. मोबाइलचा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गिळतो, म्हणून चौकटीच्या वहीत हाताने मांडलं. नऊ एक, त्याखाली एक घर डावीकडे सरकवून पुन्हा नऊ एक, अशा नऊ ओळी. बेरीज करताना उजवीकडच्या टोकाला एकच एक, शेजारी दोन, मग तीन... मधोमध पुरे नऊ, आणि तिथून उतार. कुठेही हातचा नाही! सगळी शोभा तेवढ्यावरच उभी आहे.

आता दहा एक घे. मधली बेरीज दहा, हातचा एक. शेजारचे नऊ त्यामुळे दहा होतात, पुन्हा हातचा. पुढच्या आठाचे नऊ होतात तेव्हा कुठे तो जिरतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला तो गेलाच.

आपल्या डेम्लोचे अवयव पाडले: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने निःशेष भाग जातो. अशांना हर्षद संख्या हे नावही कापरेकरांचंच. भागाकार म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. बघ, इथेही आठ गायब! आपल्या डेम्लोचे एकूण विभाजक ४५, आणि एक ते नऊची बेरीजही ४५. पण हा मला निव्वळ योगायोग वाटतो, त्याला भाव देऊ नकोस. दहा एकांच्या वर्गात अंकांची बेरीज ८२ आणि संख्या विषम, तेव्हा हर्षदपणही संपलं.

नाक मुरडणारे म्हणतील, ही करामत संख्येची नव्हे, दशमान लेखनाची. खरंच आहे. सोळाच्या पायावर लिहिलं तर पंधरा एकांपर्यंत हातचा येत नाही. ३, ३७, ३३३६६७ हे अवयव मात्र कुठल्याही पायावर तेच. पण म्हणून अंकांचं हे गणित हलकं ठरवणं मला पटत नाही. हातचा कुठे येतो आणि का, याचं उत्तर तर चोख देता येतं ना?

चिनूला अकरा एकांचा वर्ग वहीवर करायला सांग. आठ परत येतो का, ते पुढच्या पत्रात कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू