हर्णैहून परतल्यावर

अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

प्रिय दिनेश,

रामराम. रोहिणी लागायच्या आधी तुझ्याकडून परत आलो, आता मृग लागलाय. तरी तुमच्या कोकणातला हर्णैचा तो किनारा डोक्यातून जात नाही. होड्या लांब उभ्या, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात, वाळूवर ढीग लागतात आणि चारचौघांत भाव पुकारला जातो. तू म्हणालास, यात एवढं काय पाहतोस? तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगतो.

आपल्या तलावावर भाव फोनवर ठरतो, गा. काटा व्यापाऱ्याचा, बर्फ व्यापाऱ्याचा, गाडीही त्याचीच. एप्रिलात पहाटे चारला जाळं ओढलं. रोहू, कतला चांगली निघाली. सहाची गाडी दहापर्यंत आलीच नाही. आमच्याजवळ बर्फाची एकच लादी होती, धानाच्या कोंड्यात पुरून ठेवलेली. बाबांनी ती फोडली, कतल्यांवर पसरली, वरून ओलं पोतं टाकलं. थोड्या थोड्या वेळानं पोतं उचलून एकेकाचा कल्ला उघडून बघायचे. पहाटे लालभडक असलेला कल्ला नऊला फिका पडला, त्यानंतर त्यांनी पोतं उचललंच नाही. गाडी आली तेव्हा भाव निम्मा. द्यावाच लागला, मासोळी उद्यावर ठेवता येत नाही.

तुझ्या शेजारच्या काकांनी मला विचारलं होतं, समुद्र नाही तर तुमच्याकडे कसली मासेमारी? मी त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं सांगत बसलो: पूर्व विदर्भात असे ६,००० हून अधिक तलाव, कोहळी समाजानं धानासाठी बांधलेले, १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी गेली तसे सरकारकडे आले, आणि आता आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या संस्था ते ठेक्यानं घेतात. पण माशांचं बीज विकत आणावं लागतं, हे काही त्यांना पटेना. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, तिला पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून मत्स्यबीज केंद्रावरून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं आणून सोडायची. तुमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, होड्या वर ओढलेल्या, आणि इकडे त्याच पावसात आमची पेरणी! ठेक्याचे पैसे, बिजाचे पैसे आधी जातात. मग पाऊस दडी मारतो, धानाला पाणी सोडावं लागतं. ते सोडूच नये असं मी कसं म्हणू? आपलंच धान त्यावर आहे. पण तलाव फेब्रुवारीतच उघडा पडला की मासोळी वाढायच्या आधी काढावी लागते.

२०२५ च्या एप्रिलात राज्य सरकारनं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दरानं वीज, कर्ज, विमा मिळणार म्हणतात. तुमच्याकडे होड्यांना डिझेलचा परतावा मोठी गोष्ट. आमचा डोंगा, म्हणजे लहान होडी, बांबूनं चालतो, आम्हाला बर्फ पाहिजे. तलावाकाठी एक शेड, लहानसा बर्फाचा कारखाना, संस्थेचा स्वतःचा काटा, आणि तुमच्यासारखा उघडा लिलाव. आई आणि गावातल्या बाया अजून टोपलं घेऊन बाजाराच्या गाडीत चढतात, तेव्हा लोक नाक दाबून सरकतात. बर्फ असता तर वास कशाला आला असता? मला ते फार लागतं.

बाबांच्या तळहातात काटा मोडला होता, उपकेंद्रातल्या ताईंनी काढून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आता बरे आहेत. तू विचारलं होतंस म्हणून लिहिलं.

एक काम कर. सध्या बंदी आहे, माणसं जाळी विणत बसलेली असतील, त्यांच्याकडे वेळ असेल. त्यांना विचार, भाव कोण पुकारतं, पुकारणाऱ्याला किती द्यावं लागतं, पैसे त्याच दिवशी हातात पडतात की उधारी चालते, आणि व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून भाव पाडला तर काय करतात. हे शेवटचं नीट विचार. संस्थेची सभा पोळ्यानंतर आहे, मला ते तिथं मांडायचं आहे. जुने लोक म्हणतील, व्यापारी तुटला तर मासोळी कोण नेईल? त्याचं उत्तर माझ्याकडे अजून पुरतं नाही, तुझ्या पत्रातून थोडं मिळालं तर बघतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
रमेश