बिल्ला आहे, घराणं कुठाय?

संपादक महोदय,

पौषी यात्रेला खरसुंडीच्या बाजारात कोसा रंगाचा खिलार जातीचा खोंड घेऊन गेलो होतो. गिऱ्हाइकाने दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "वळू कुणाचा?" मी खिशातली वही काढली. गाय कधी भरवली, वळू कुठला, त्याची आई कोण, सगळं त्यात आहे. पण माझ्या अक्षराला पुरावा कोण मानणार? खोंडाच्या कानात ओळखीचा बारा अंकी पिवळा बिल्ला आहे, त्यावरून धनी कळतो. नोंदीत बापाचा रकाना मात्र रिकामाच राहिला.

ब्राझीलमध्ये उबेराबाला आपल्या ओंगोल वंशाच्या, मांसासाठी पाळलेल्या नेलोरे जनावरांची वंशावळ नोंदवतात. आमची खिलार शर्यतीची अन् नांगराची, पण नोंदीचं गणित तेच.

मध्यंतरी पशुपालक प्रशिक्षणाला गेलो. दिवसभर जर्सीचं दूध! वळू निवडताना खूर-शिंग काय बघायचं, नात्यातली पैदास कशी टाळायची, एक शब्द नाही. चहा तेवढा चांगला होता.

यात्रेतच एक मंडप टाकावा. जागेवर वंशावळीची नोंद आणि तासाभराचा वर्ग घ्यावा. खिलारवाले तिथे आपसूक जमतात.

- एक खिलारपालक, ता. आटपाडी, जि. सांगली