'एग ऑन'मध्ये अंडं नाही

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

'टू एग समवन ऑन' म्हणजे एखाद्याला चिथावणं, हे तुला ठाऊक आहे. तू विचारलंस ते त्यातल्या अंड्याबद्दल. ते तिथे नाहीच. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात व्हायकिंग स्थायिक झाले, त्यांच्या नॉर्स भाषेत 'एग' म्हणजे धार आणि 'एग्या' म्हणजे चेतवणं. हे क्रियापद साधारण 1200 च्या सुमारास इंग्रजीत दिसू लागतं. 'एज' म्हणजे कड, धार, हा त्याचा सख्खा भाऊ.

खायचं 'एग'ही नॉर्समधूनच आलं, पण मूळ निराळं. इंग्रजांचा स्वतःचा शब्द वेगळा होता, अनेकवचन 'आयरेन'. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन 1490 मध्ये लिहितो, की इंग्लंडच्या आग्नेयेला, केंटकडे एका व्यापाऱ्यानं 'एगीज' मागितली, तर घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही! 'आयरेन' म्हटल्यावर तिला कळलं. मला हा किस्सा फार आवडतो.

आता वापर. 'ऑन' कधीच गाळू नकोस. नुसतं 'दे एग्ड हिम' लिहिलंस, तर त्यांनी त्याला अंडी फेकून मारली असं होईल. सर्वनाम नेहमी मध्ये: 'एग हिम ऑन'. पुढे कृती सांगायची तर 'टू' लाव: 'दे एग्ड हिम ऑन टू जंप.' आणि कर्म माणूसच हवा. 'इन्साइट (incite) व्हायलन्स', म्हणजे हिंसेला चिथावणी देणं, चालतं, 'एग ऑन व्हायलन्स' नाही. 'इन्साइट' जमावाचा, कोर्टकचेरीचा शब्द. 'एग ऑन' शाळेच्या मैदानातला.

मराठीत मी 'भरीस घालणं' घेईन. भिंतीवर चढलेला मुलगा खाली बघतो, पाय मागे घेतो, आणि खालून चौघं ओरडतात, 'मार रे, मार उडी, घाबरलास काय!' त्याच्या मनात अर्धी उडी आधीच असते, उरलेली अर्धी हे चौघं पुरवतात. 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणं' इथे बसत नाही, त्यात खोटी स्तुती आहे. 'कान भरणं' तर मुळीच नको. ते आडून चालतं, हे उघड्यावर. 'गोड' (goad) हे इंग्रजी क्रियापद भेटलं, तर ती बैलाची पराणी समज: टोचत राहून चिडवायचं, की त्याचा तोल सुटावा.

पुढच्या पत्रात 'एग्ड ऑन बाय' वापरून दोन वाक्यं लिहून पाठव.

तुझी,
आई