सहीआधी गावाला फोन करा : चाकरमान्यांना आवाहन

मुंबई-पुण्यातल्या आणि परदेशातल्या आपल्या सर्व बंधुभगिनींना गावकऱ्यांचा सप्रेम नमस्कार.

गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, लोहखनिजाच्या खाणीची तयारी चालली आहे, हे आपल्या कानावर आलंच असेल. कंपनीची माणसं हल्ली गावापेक्षा परळ-डोंबिवलीतल्या आपल्या घरीच जास्त येतात. कारण आपले सातबारे सामाईक. एकावर तीस-चाळीस नावं, आणि कोणीही सहहिस्सेदार आपला हिस्सा वाटणीआधीच विकू शकतो. एका चुलतभावाची सही झाली की कंपनी आपल्या सातबाऱ्यावर चढते. मग वाटपाचा दावा, आणि इथे राहिलेल्या काका-काकूंच्या नशिबी तारखा. सरकारने खाजगी कंपनीसाठी जमीन संपादित केली, तर २०१३च्या कायद्याने ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. थेट खरेदीला ती अट नाही.

भाव ठरवताना त्यांच्या हातात बोअर मारून काढलेले नमुने असतात. आपल्याला ठाऊक असतं ते फक्त वर काजूची झाडं किती ते.

पर्यावरणाचा अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत, मराठीत केवळ सारांश. तो देवळात वाचला त्या संध्याकाळी एका काकूंनी नकाशावर बोट फिरवत विचारलं, "आमचो पाट खंय आसा?" पाट नकाशात नव्हताच. खालच्या वाडीच्या माड-पोफळी त्याच पाण्यावर उभ्या आहेत.

ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटची खाण नाकारली. त्यांच्या पाठीशी वनहक्क कायदा होता. आपला सडा खाजगी मालकीचा, त्यामुळे आपलं बळ आपल्या सहीत आहे. बोलायला आमची ना नाही. पण बोलणी देवळासमोर, सगळ्या गावासमक्ष व्हावीत. एकेकाला गाठून नव्हे.

खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते. तिची सूचना निघाली की हाती जेमतेम ३० दिवस उरतात. त्याआधी अख्खा अहवाल मराठीत करून घ्यायचा आहे, झरे-विहिरींचं पाणी तपासायचं आहे, वकील द्यायचा आहे. ज्याला जसं जमेल तसं द्या. आपल्यात कोणी भूगर्भशास्त्र शिकलेलं असेल, जमिनीच्या दाव्यांतलं जाणकार असेल, तर त्यांचे चार दिवस आम्हाला पैशांपेक्षा मोलाचे आहेत.

चतुर्थीला आपण येणारच. दीड दिवसाचे गणपती पोचवून झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक आहे. जमाखर्चाची वही तिथे सगळ्यांसाठी उघडी असेल. वर्गणीची पावती मागून घ्या, आणि येताना आपल्या सातबाऱ्याचा ताजा उतारा आणा.