जुळलेली तेरीज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तब्येतीचं वाचून जिवाला बरं वाटलं. पण "खात्यांच्या नावे-जमा बेरजांचा ताळा, म्हणजे तेरीज, जुळवत जागवलेल्या त्या रात्री फुकटच गेल्या म्हणायच्या, आता संगणक ते काम क्षणात करतो" हे तुझं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून लगेच लिहायला बसलो.

आठव, १९७० साल. तू वाणिज्यचा, मी अर्थशास्त्राचा, खोली एकच. पहिल्या वर्षी हिशेबाचा पेपर दोघांनाही सक्तीचा होता आणि मला त्याचा मनापासून कंटाळा होता. मी विद्यापीठात आलो होतो ते देश गरीब का राहतात हे शिकायला. रोजच्या नोंदींच्या कीर्दीतून खातेवार खतावणीत आकडे उतरवण्याशी त्याचा काय संबंध, असं मला वाटायचं.

मग ती रात्र आली. तू एकेक रक्कम वाचत होतास, मी पेन्सिलीने टिक मारत होतो. बेरजा झाल्या आणि नावे-जमेत २७० ची तफावत निघाली. दोनदा बेरीज केली, तरी २७०च. मी म्हटलं, तफावत टाक उचंत खात्यात, उलगडा न झालेल्या रकमांच्या, आणि झोप. तू ऐकलं नाहीस. आधी तफावतीची निम्मी केलीस, १३५. तेवढी रक्कम चुकून उलट्या बाजूला पडली आहे का ते पाहिलंस; नव्हती. मग म्हणालास, "नऊने भाग जातोय, म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय. आणि नव्वदनेही जातोय, तीन वेळा. तेव्हा शतक आणि दशक यांत तीनचा फरक असलेल्या रकमाच तेवढ्या बघ." शेकडो नोंदींतून बघायच्या उरल्या मोजक्याच. दलालीच्या खात्यावर ८५० चे ५८० झालेले सापडले. चूक माझ्याच हातची होती. लाल शाईने बेरजेखाली तू मारलेली ती दुहेरी रेघ मला आजही दिसते.

त्याच आठवड्यात राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा सुरू झाला. उत्पादनाच्या बाजूने मोजा, उत्पन्नाच्या बाजूने मोजा, खर्चाच्या बाजूने मोजा, उत्तर एकच यायला हवं. वर्गाने सूत्र म्हणून उतरवून घेतलं. मला मात्र समोर खतावणी दिसली. एकाचा खर्च ते दुसऱ्याचं उत्पन्न, नावेशिवाय जमा नाही! पुढे ग्रंथालयात वाचलं की १९४१ मध्ये ऐन युद्धात मीड आणि स्टोन या अर्थतज्ज्ञांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज मांडला तो याच दुहेरी नोंदीच्या शिस्तीने. इटलीतल्या पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेली व्यापाऱ्यांची पद्धत साऱ्या देशाला लावलेली! (स्टोनना त्या कामासाठी १९८४ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा मी तुला तार केली होती.) आपल्या दोन विषयांच्या वाटा विद्यापीठांत वेगळ्या झाल्या त्या तशा अलीकडेच. बर्मिंगहॅमला १९०२ मध्ये वाणिज्य शाखा निघाली, केंब्रिजला अर्थतज्ज्ञ मार्शलच्या खटपटीने १९०३ मध्ये अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा. आपली खोली त्या दृष्टीने जुन्या वळणाची होती, आणि मला तेच लाभलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हिशेबाच्या सरांचं ते वाक्य तुला आठवत असेलच: तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं नव्हे. नवं यंत्र घेतलं आणि रक्कम दुरुस्ती खर्चात टाकली, तरी तेरीज जुळते. नफा तेवढा खोटा निघतो. आणि विसर चूक तर सगळ्यांत वाईट. व्यवहाराची नोंदच राहिली तर दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात, तेरीज बिनबोभाट जुळते.

मला त्याचा अर्थ कळायला तीन वर्षं लागली. औंसाला ३५ डॉलर हा सोन्याचा भाव आपण घोकला होता. १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि पाठ केलेलं प्रकरण एका रात्रीत इतिहासात जमा झालं. ते एक वेळ पचलं. अर्थतज्ज्ञ फिलिप्सच्या रेषेचं मात्र पचेना. १८६१ ते १९५७ अशी जवळजवळ शंभर वर्षांची ब्रिटिश आकडेवारी, त्यातून काढलेली सुरेख वक्ररेषा: बेकारी वाढली की मजुरीवाढ मंदावते. पाठ्यपुस्तकात त्याचं झालं 'महागाई उतरते'. मी ती रेषा इतक्यांदा काढली होती की डोळे मिटूनही जमली असती. आणि १९७३ च्या अखेरीस तेल भडकलं, त्यानंतर वर्तमानपत्रात महागाई आणि बेकारी एकाच पानावर, दोन्ही चढत्या. मी पदव्युत्तर वर्गात होतो. परीक्षेत जुनीच रेषा काढायची होती, कारण अभ्यासक्रम बदललेला नव्हता. मला त्याचा फार राग आला होता, अजूनही येतो. फ्रिडमन आणि फेल्प्स या अर्थतज्ज्ञांनी १९६७-६८ मध्येच सांगून ठेवलं होतं की लोक पुढच्या महागाईची अपेक्षा धरूनच मजुरी ठरवतात आणि अपेक्षा बदलली की ती रेषाच सरकते. त्यांचे लेख असलेले नियतकालिकांचे अंक आपल्याच ग्रंथालयात बांधून ठेवलेले होते.

त्या परीक्षेच्या रात्री मला सरांचं वाक्य आठवलं. ही विसर चूक होती. आकडे जुळत होते, कारण अपेक्षेची नोंद कुठल्याच बाजूला नव्हती. पुढे आयुष्यभर कुठलाही सुबक तक्ता हातात आला की मी आधी शोधतो ते त्यात काय लिहायचं राहिलंय. ही खोड मला अर्थशास्त्राच्या एकाही तासाला लागली नाही, मित्रा. ती तुझ्या खतावणीने लावली.

खतावणीत उतरवताना संगणक ८५० चे ५८० होऊ देत नाही, मान्य. पण जे त्याला सांगितलंच नाही ते त्याला कसं सापडणार? तुझ्या नातीला एवढं नक्की सांग, आणि महिनाभर तरी हाताने तेरीज जुळवायला लाव.

आणखी एक. ती लांबट, कापडी पाठीची खातेवही तू कधी टाकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. दलालीचं पान काढून त्याचा फोटो पाठव. ५८० वर तू मारलेली काट आणि शेजारी माझ्या अक्षरातले ८५० मला पुन्हा एकदा बघायचे आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
खोलीतला भिडू