लीड्सहून पत्र: आजीच्या पहिल्या मुलीबद्दल

लीड्स,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना नमस्कार.

आई, फोनवर हे सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तू "बरी आहेस ना, मग झालं" म्हणालीस आणि मला पुढे बोलवेना. म्हणून लिहिते. सावकाश वाच, बाबांनाही दे, आणि पेडण्याला मामाकडे फोन लावायच्या आधी एकदा मला फोन कर.

चवथीला मी वही घेऊन सगळ्यांच्या मागे फिरत होते, आठवतं? नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ते काम होतं. आपल्याच घराचा तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा, पण नावांचा नाही, आजारांचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार असेल तर ती आकृती भरायची, माणूस गेलेलं असेल तर वरून तिरपी रेघ मारायची. नवरा-बायको मुळात नात्यातले असतील तर त्यांच्यामधली रेघ दुहेरी. कागदावर हे अगदी सोपं दिसतं. माणसांसमोर बसलं की कळतं, किती कठीण आहे.

आमच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की "घरात काही आनुवंशिक आजार आहे का?" असं कधी विचारू नका. उत्तर "नाही" असंच येतं, आणि ते खोटंही नसतं, कारण आजाराचं नावच कुणाला ठाऊक नसतं. त्याऐवजी विचारा, तरुणपणी कोण गेलं? किती दिवस अंथरुणावर होतं? दिसायला कसं झालं होतं? रोजची गोळी कुणाला होती? मुलं किती झाली आणि त्यातली राहिली किती? हा शेवटचा प्रश्न मला विचारवत नव्हता. आपल्याकडे बाई हयात मुलंच मोजते. आजीला किती मुलं, असं मला कुणी विचारलं असतं तर मीसुद्धा मामा, तू आणि मावशी, तीन, असंच सांगितलं असतं.

एका गोष्टीत मात्र माझं काम वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा सोपं झालं. इथे कुणी "अंकल" म्हटलं की आईकडचा की वडिलांकडचा, रक्ताचा की लग्नाने झालेला, हे सगळं वेगळं विचारावं लागतं. आपल्याकडे मामा, आत्या, मावसभाऊ, मामेबहीण म्हटलं की रक्त कुठून आलं ते त्या शब्दातच असतं. फक्त "काका"शी जपून राहावं लागतं, कारण मावशीचे यजमानही काका आणि आत्याचेही काकाच. पण मामाच्या वसरीत फ्रेम करून लावलेली वंशावळ काही उपयोगाला आली नाही. त्यात आठ पिढ्या आहेत आणि सगळे पुरुष. आजी त्या घरात साठ वर्षं राहते, पण तिथे तिचं नाव नाही, तुझंही नाही. प्रत्येक मुलाचं निम्मं रक्त ज्या बायकांकडून आलं त्यांच्यापैकी एकही तिथे नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. लहानपणापासून मी त्या फ्रेमखाली खेळत आले आहे.

आता मुख्य गोष्ट.

चवथीच्या आदल्या दिवशी पुरुषमंडळी माटोळी बांधत होती. तू आणि मामी नेवऱ्या तळत होतात. मी आजीजवळ मागच्या पडवीत खतखत्याच्या भाज्या चिरत बसले होते आणि ती आडाळ्यावर नारळ खवत होती. मी विचारलं, "आजी, तुला मुलं किती झाली?" तिचा हात थांबला. "तां सगळां कित्याक व्हया तुका?" म्हणाली. मी तिला खरं सांगितलं, की शिकण्यासाठी लिहिते आहे, नाव कुणाचंच लिहिणार नाही, आणि तुला नको असेल तर हे पान इथेच फाडते. बराच वेळ ती गप्प होती. मग बोलली, "चार."

आई, तुझ्या आणि मामाच्या आधी तिला एक मुलगी होती. १९६५ सालची. जन्मली तेव्हा गोरीगोमटी, गुटगुटीत. सहा-सात महिन्यांनंतर पांढरीफटक पडत गेली. अंगावर पिईना, पेज भरवली तरी ओकून टाकायची, हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र फुगलेलं. वैद्य झाले, दृष्ट काढून झाली, म्हापशाच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. पणजी शहरात न्यायचं चाललं होतं. तेव्हा मांडवीवर पूल नव्हता, बेतीहून फेरीबोटीने पलीकडे जावं लागे. ते राहून गेलं. दोन वर्षांची व्हायच्या आधी ती गेली.

आणि मग घरात ठरलं की आईचं दूध बाधलं. आजीच्या सासूने तसं सगळ्यांदेखत म्हटलं म्हणे. म्हणून मामा झाला तेव्हा आजीला त्याला अंगावर घेऊ दिलं नाही, तो गाईच्या दुधावर वाढला. तुझ्या वेळी सासू नव्हती, म्हणून तुला पाजलं. हे सांगताना आजी रडली नाही. नारळ खवून झाला तसा तिने चून एकीकडे केला आणि दुसरी कवड घेतली. मी वहीत एक छोटा गोल काढला, त्यावर तिरपी रेघ मारली, आणि बाजूला "कारण?" असं लिहून ठेवलं.

इकडे परत आल्यावर ऑक्टोबरमध्ये मला फार थकवा यायला लागला, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.८. आपल्यासाठी यात नवीन काही नाही. दहावीपासून माझं तेवढंच असतं आणि तुझं तर कधी त्याहून वर गेलंच नाही. तिकडे प्रत्येक वेळी आपल्याला लोहाच्या गोळ्याच मिळाल्या. मी सहा वर्षं घेतल्या. इथल्या डॉक्टरांनी शरीरातल्या लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासलं तर ते व्यवस्थित निघालं. लाल पेशी मात्र फार लहान, एमसीव्ही (पेशींचं सरासरी आकारमान) ६६. मग एचपीएलसी नावाची टेस्ट केली. त्यात हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार मोजतात. ए-२ नावाचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या आत असायला हवा, माझा ५.२ आला. याचा अर्थ थॅलेसेमिया मायनर. मी वाहक आहे, म्हणजे हिमोग्लोबिन बनवणारा एक सदोष जीन मला एकाच पालकाकडून मिळाला आहे.

घाबरू नकोस. मायनर हा आजार नाही. त्याला औषध नाही आणि औषधाची गरजही नाही. फेरिटिन कमी नसताना लोहाच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, एवढंच पाळायचं. माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो, तू आहेसच. प्रश्न येतो तो दोन वाहकांचं लग्न झालं तर. मग दर खेपेला, दर मुलामागे, चारात एक शक्यता असते की मुलाला दोघांकडूनही तोच सदोष जीन मिळेल. चारात दोन शक्यता मूल आपल्यासारखं वाहक होण्याची, आणि एक शक्यता काहीच न येण्याची. दोन्हीकडून मिळालं तर तो थॅलेसेमिया मेजर, आणि अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. असं मूल जन्मतःच आजारी दिसत नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते जन्मानंतर काही महिने पुरतं. ते कमी होऊन मोठ्यांचं हिमोग्लोबिन तयार व्हायची वेळ आली की मूल पांढरं पडू लागतं आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट फुगतं. सहा-सात महिन्यांनंतर, आई.

रिपोर्ट हातात होता आणि मला पडवीतली आजी दिसत होती. आजोबा आजीचे सख्खे आतेभाऊ. माझ्या कागदावर त्यांच्यामधली रेघ दुहेरी आहे. साठ वर्षांमागे गेलेल्या मुलीचं निदान आज कुणीच छातीठोकपणे करू शकत नाही, आणि मीही ते केलेलं नाही. आमच्या बाईंना सगळं दाखवलं, त्याही म्हणाल्या की पक्कं म्हणू नकोस, पण इतकं सगळं जुळत असताना दुर्लक्षही करू नकोस. अमेरिकेत थॉमस कूली यांनी १९२५ साली या आजाराचं वर्णन केलं होतं. पण १९६६ साली पेडण्यातल्या घरात ते कुणाला ठाऊक असणार? आजही कोकणात पटकन कुणाच्या मनात येत नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजात याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून तिथे लोक सावध असतात. आपल्याकडे रक्त कमी म्हटलं की पालेभाजी खा, गूळ खा, गोळी घे, इथेच विषय संपतो.

इथे गरोदर बाईला पहिल्या काही आठवड्यांतच एक फॉर्म भरायला देतात. तिचं आणि बाळाच्या वडिलांचं घराणं मुळात जगाच्या कुठल्या भागातलं, हे त्यात विचारतात आणि त्याच सुमारास थॅलेसेमियासाठी रक्त तपासतात. प्लेसमेंटवर असताना दोन दिवस मी तो फॉर्म भरून घेत होते. तिथल्या कुणाचं काही मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण प्रश्न वाचताना माझ्या मनात सतत आजीच होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मागच्या रविवारी मी तिला व्हिडिओ कॉल केला. मामाला बाहेर जायला सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं, की तुझ्या रक्तात आणि आजोबांच्या रक्तात एकच गोष्ट होती, ती दोघांकडूनही त्या बाळाकडे गेली असावी. ती ऐकत राहिली. मग एवढंच विचारलं, "म्हणजे तां माझ्या दुधान नाय?" मी म्हटलं, नाही. मुळीच नाही. हा आजार दुधाने कधीच होत नाही.  तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. नंतर तिने पदर तोंडावर घेतला आणि फोन कुठेतरी छताकडे वळला. मला फक्त पंखा दिसत राहिला आणि ती ऐकू येत राहिली.

हे तुला सांगायची परवानगी मी तिच्याकडून मागून घेतली आहे. गोष्ट तिची आहे, माझी नाही. ती म्हणाली, सांग, मावशीलाही सांग.

आता काय करायचं ते. तू, मावशी, मामा आणि आपला बंटी, चौघांनी एचपीएलसी करायची. त्याबरोबर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिनसुद्धा करा. लोह खरंच कमी असेल तर ए-२चा आकडा खाली येतो आणि मायनर झाकलं जातं. सावंतवाडीतल्या लॅबवाल्यांना विचार, सॅम्पल बाहेर पाठवतात. माझा अंदाज खरा असेल तर तुम्हा तिघा भावंडांत प्रत्येकाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. तू निघालीस तर बंटीची निम्मी.

मामी माझ्यावर नाराज आहे, तुला कळलं असेलच. ताईसाठी स्थळं बघताहेत आणि त्यात मी हे काढलं. "मुलीच्या जातीला असलं काही चिकटलं की स्थळं परत जातात," म्हणाली. तिच्या जागी कुठलीही आई हेच म्हणेल, मला राग नाही. पण ताई वाहक निघाली तरी तिच्यात काहीही उणं नाही, आणि मुलगा वाहक नसेल तर त्यांच्या एकाही मुलाला मेजर होणार नाही. मुलाने एकदा रक्त तपासून घेतलं की प्रश्न मिटला. दोघंही वाहक निघाले तरी लग्न मोडायचं कारण नाही. गरोदरपणात सुरुवातीलाच बाळाची तपासणी होते, डॉक्टर नीट समजावतात. आजीच्या वाट्याला जे आलं ते ताईच्या वाट्याला येऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. मामीशी तू बोल. माझ्यापेक्षा तुझं ऐकेल.

बाबा, तुमच्या बाजूचंही थोडं आहे. आजोबा ५२व्या वर्षी गेले, काका ४६व्या वर्षी, बांबोळीच्या इस्पितळात नेताना वाटेतच गेले. सख्ख्या नात्यातला पुरुष ५५च्या आत हृदयाने गेला असेल तर आम्ही ते वेगळं नोंदवतो, आणि तुमच्याकडे असे दोन आहेत. काही घरांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं, सुमारे २५० माणसांत एकाला. रोजच्या गोळीने ते ताब्यात राहतं. तुम्ही लिपिड प्रोफाइल करून घ्या आणि डॉक्टरांना या दोघांची वयं आठवणीने सांगा. "छातीत कळ आली" एवढंच सांगू नका, वय सांगा. काकांच्या मुलांनाही करायला सांगा.

आणि आई, आजीलाही रक्त तपासून घ्यायचं आहे. फोन ठेवताना म्हणाली, "माझां पण काढा." ७८ व्या वर्षी कशाला सुई टोचायची, असं मामी म्हणाली. उपचाराच्या दृष्टीने काही फरक पडणार नाही हे मलाही माहीत आहे. पण तिला स्वतःचा रिपोर्ट बघायचा आहे, आणि मला वाटतं तिचा तो हक्क आहे. पुढच्या आठवड्यात तू पेडण्याला जाशील तेव्हा तिला बरोबर घे. या टेस्टला उपाशी राहावं लागत नाही, पेज जेवू घालूनच ने. तिची शीर लवकर सापडत नाही, हात आधी गरम पाण्याने शेकायला सांग आणि डाव्या हातातून घ्यायला सांग. रिपोर्टचा फोटो मला त्याच दिवशी पाठव.

तुमची,
चिंगी